अण्णांनी उघडलेले डोळे

तुमचं मूळ घर हडपसर, मांजरी किंवा त्या बाजूच्या एखाद्या वाडीत असेल आणि भिंतीवर फेटेवाले आजोबा चौकटीत बसलेले असतील, तर एक करा. वाचणं थांबवा, स्टूल घ्या, वर चढा आणि आजोबांच्या डोळ्यांत बघा. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे? बुबुळाच्या वरच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका आहे? आणि तुम्ही आत्ताच काहीतरी थाप मारलीत, ती आपल्याला कळली आहे, अशा नजरेनं आजोबा बघतायत? मग सावकाश खाली उतरा. ते डोळे तुमच्या आजोबांचे नाहीत. ते आमच्या अण्णांचे आहेत.

अण्णा म्हणजे दत्तात्रय शेवाळे, सुगंधा फोटो स्टुडिओ, हडपसर. सुगंधा हे त्यांच्या बायकोचं नाव. पाटीवर ते एवढं मोठं आणि 'फोटो स्टुडिओ' एवढं बारीक लिहिलेलं होतं, की लोक उदबत्त्या मागायला यायचे. अण्णा कोणालाच रिकाम्या हातानं पाठवत नसत. "उदबत्ती संपली, फोटो काढता?" असं गंभीरपणे विचारायचे. दहातले दोघं काढून जायचे.

मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात टायपिंग, झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, तेव्हा समोरच्या बाजूला अजून ऊस उभा होता. पाच-सहा वर्षांत उसाच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली तरुण मंडळी चहाच्या टपऱ्यांवर दिसायला लागली. आमच्या दोन गाळ्यांच्या मध्ये प्लायवूडची एक पातळ भिंत होती. त्यामुळे पुढचं मी कान लावून ऐकलं, असा आरोप कोणी करू नये. कान लावायची गरजच नव्हती.

अण्णांचा खरा नावलौकिक मयताच्या फोटोंचा. नव्या पिढीला हे ऐकून शहारे येतात, म्हणून नीट सांगते. पूर्वी माणूस सबंध आयुष्यात एकदाही फोटो न काढता मरायचा. मग गेल्यावर घरच्यांना आठवायचं, की अरे, यांचा चेहरा आपल्याकडे कुठेच नाही. कोणीतरी सायकल हाणत फोटोग्राफरला आणायला निघायचं. तो येईपर्यंत मयताला आंघोळ घालून, नवा फेटा बांधून खुर्चीवर बसवायचे, पडू नये म्हणून छातीशी धोतराची पट्टी आवळायचे आणि वर उपरणं टाकायचे. फोटो निघाला की मगच तिरडी. नंतर फोटोग्राफर बारीक कुंचला घेऊन त्या फोटोवर मिटलेल्या पापण्यांच्या जागी उघडे डोळे रंगवायचा. याला म्हणायचे टचिंग.

"पण डोळे कसे होते ते तुम्हाला कसं कळायचं?" मी एकदा विचारलं.

"कळत नाहीच. घरच्यांना विचारलं तर म्हणतात, डोळ्यासारखे होते. बायको पन्नास वर्षं संसार करते आणि तिला रंग सांगता येत नाही. मग मी आरसा समोर धरतो आणि माझे काढतो. आजवर एकानंही तक्रार केली नाही."

"मयतानं?"

"गिऱ्हाईक म्हणून त्याच्यासारखा माणूस नाही, कॉम्प्युटरबाई. हलत नाही, घाई करत नाही, आणि मी यात जाडा दिसतोय म्हणून भांडत नाही."

मला ते कॉम्प्युटरबाई म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांना पुरेसं नाट्यमय वाटत नसावं.

एकानंही तक्रार केली नाही, ही मात्र थाप होती. मांजरीचं एक कुटुंब हडपसरला मुलगी बघायला आलं. पोहे झाले, मुलगी पसंत पडली, आणि तेवढ्यात मुलाच्या आजीची नजर भिंतीवर गेली. तिथे मुलीचे पणजोबा. आजीनं चष्मा लावला, काढला, परत लावला. "हे आमचे मालक इथं कसे?" मालक म्हणजे तिचे कधीच वारलेले यजमान. कुटुंबात कुजबुज सुरू झाली. नजर तीच, डावा डोळा तोच. म्हाताऱ्यानं हडपसरला दुसरं घर केलं होतं की काय? आजी म्हणाली, "तरी मी म्हणत होते, दर गुरुवारी हडपसरला काय काम असायचं." बैठक मोडायच्या बेताला आली. शेवटी अण्णांना स्कूटरवर घालून आणलं. त्यांनी फोटोखाली उभं राहून चष्मा काढला, डोळे वटारले आणि म्हणाले, "बघा. दोन्ही घरांतला तिसरा माणूस मी आहे." लग्न झालं, फोटो अण्णांनीच काढले. आजीनं मात्र गुरुवारचा विषय शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसरी गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत. घरादाराला आयुष्यभर धाकात ठेवलेले एक म्हातारे गेले. अण्णा कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घालून उभे. बाहेर रडारड. आणि सवयीनं अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "जरा हसा बघू." सगळं घर गप्प झालं. फडक्यातून डोकं बाहेर काढायची अण्णांची हिंमत होईना. तेवढ्यात कोपऱ्यातून म्हातारीचा आवाज आला, "आता काय हसतायत! जिते होते तवा नाय हसले." आणि जी काही हसली म्हणता! हसता हसता मग खरं रडली. "तोवर नुसतं कर्तव्य करत होती," अण्णा म्हणायचे.

हे कितपत खरं, मला माहीत नाही. कारण अण्णांना गोष्ट रंगवण्याचं व्यसन होतं. त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी होती. तिच्यात असे सगळे फोटो आणि त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या. फोटो तोच, गोष्ट मात्र दर खेपेला निराळी. सोमवारी विहिरीत घसरलेला माणूस गुरुवारपर्यंत ढकलला गेलेला असायचा आणि शनिवारी ढकलणाऱ्याला त्याचं भूत दिसायला लागायचं.

आणि मग या व्यसनाला चक्क धंद्यात उपयोग सापडला. काचेच्या इमारतींतली मुलं व्हिसाच्या फोटोसाठी येऊ लागली. त्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत आणि हसायचं अजिबात नाही. पण पहिल्यांदा अमेरिकेला निघालेलं पोर ओठ दाबून तरी किती बसणार? अण्णा पेटीतला एक फोटो काढायचे, त्याची भीषण गोष्ट सुरू करायचे आणि पोराचा चेहरा उतरला की खटका दाबायचे. एकही फोटो परत आला नाही. फक्त त्या काळात हडपसरहून परदेशी गेलेली सगळी मुलं व्हिसावर भूत बघितल्यासारखी दिसतात.

अशाच एका खुर्चीत विश्रांतवाडीचा केदार बसला आणि तिथून घोटाळा झाला.

केदारला गोष्टी फारच आवडल्या. तो पुढच्या रविवारी वही घेऊन आला. म्हणाला, मी इंटरनेटवर एक पान करतोय, जुने भयंकर फोटो आणि त्यांच्यामागच्या काळ्या गोष्टी. अण्णांचा चेहरा फुलला. ऐकणारा वही घेऊन येण्याचा योग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं, आवाज चढतोय, उतरतोय, मध्येच कुजबुज. दहा फोटो निवडले गेले. ते स्कॅन कोणी केले? मी. दर ठरवून, पावती फाडून. तेव्हा यात मी काठावर उभी होते, असं म्हणायची सोय नाही.

त्या दहांत एक फोटो खुर्चीवर बसलेल्या तरुण बाईचा होता. नऊवारी, मोठं कुंकू, मांडीवर तान्हं मूल. मुलाचा चेहरा हलल्यामुळे पुसट. बाईच्या काखेखाली मात्र चार बोटं दिसत होती. मागच्या घोंगडीआडून कोणीतरी तिला धरलं होतं. अण्णांनी केदारला सांगितलं, की बाईला नवऱ्यानं विष घातलं, आणि गावाला संशय येऊ नये म्हणून मेलेल्या बाईला जिवंत दाखवायला हा फोटो काढवला. ती बोटं त्याची.

पान निघालं. फोटोखाली केदारनं लिहिलं, 'मारेकऱ्याचा हात', आणि पानाच्या तळाशी अण्णांच्या स्टुडिओचे आभार मानले. मग ते एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात ई-मेलनं फिरायला लागलं. महिन्याभरात ते समोरच्याच काचेच्या इमारतीत, नीलेश नावाच्या मुलापर्यंत पोचलं. शेजारचा मित्र त्याला म्हणाला, "हे बघ, खतरनाक आहे." नीलेशनं बघितलं. तो फोटो मांजरीला त्याच्या घरात, देवघराच्या शेजारी टांगलेला होता. ती बाई त्याच्या आईची आई.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलेशची मोटारसायकल थांबली. मागून शोभाताई उतरल्या, नीलेशची आई. वय चाळिशीचं, हातात टॉवेलात गुंडाळलेली चौकट. सुगंधा फोटोमध्ये गेल्या. मी इकडे टायपिंग थांबवलं.

"अण्णा, माझ्या बापानं माझ्या आईला विष दिलं का?"

अण्णांनी स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"नाही."

"मग त्यात लिहिलंय ते?"

"मी सांगितलं होतं."

"का?"

"रंगत होतं म्हणून."

मी उठून त्यांच्या दारात गेले. अपराध्यानं हजर राहावं, असं वाटलं. अण्णा स्टुलावर बसले होते. इतके लहान ते मला कधी दिसले नव्हते.

शोभाताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे बोलत होत्या. "मला आत्यानं वाढवलं. आई कशी गेली, कोणी बोललं नाही. बाप, आमचे नाना, तर माझ्याशीच बोलायचे नाहीत. जेवलीस का, एवढंसुद्धा कधी विचारलं नाही. वारले तरी मला कळलं नाही, की हा माणूस माझ्यावर कशासाठी रुसलाय. आता हे वाचलं, आणि काल रात्रभर मला वाटतंय की हेच कारण असंल. तुम्ही म्हणता नाही. पण ते खोटं का हे खोटं, मी कसं ओळखू?"

आयुष्यभर ज्यांनी गोष्टींना फोडणी दिली, त्यांच्या साध्या वरणभातावर आता कोण विश्वास ठेवणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

मग ते उठले आणि पेटी उघडली. तळातून दोन काचा काढल्या. एकीवरचा कागद सुटा होता, दुसरीवरचा पिवळा पडून चिकटलेला.

"कॉम्प्युटरबाई, तुमच्या मशिनमध्ये काच लागते ना?"

माझ्याकडे झाकणात दिवा असलेला स्कॅनर होता, निगेटिव्हसाठी मुद्दाम घेतलेला. आम्ही चौघं माझ्या गाळ्यात आलो. मी चिकटलेला कागद ओल्या बोटानं सोडवला, काच ठेवली, झाकण लावलं. स्कॅनर कण्हत कण्हत सरकायला लागला. तो सरकत होता तोवर अण्णा बोलले. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. एखादा माणूस पत्ता सांगतो तसं.

"मी एकोणीस वर्षांचा होतो. ज्यांच्या हाताखाली फोटो शिकत होतो ते उस्ताद तापानं पडलेले, म्हणून मला पाठवलं. माझा पहिला मयताचा फोटो. तुमची आई बाळंतपणातल्या तापानं गेली. तुम्ही बावीस दिवसांच्या होता. पोरीला पुढं आई दिसली पाहिजे, म्हणून नानांनी मला बोलावलं. लोक खुर्चीला बांधायला लागले, तर नाना म्हणाले, बांधायचं नाही. मी धरतो. आणि घोंगडीखाली शिरले. बोटं राहिली बाहेर. मला तेव्हा दिसली नाहीत."

"म्हणजे फोटोत आई…" शोभाताई म्हणाल्या.

"गेलेली आहे, ताई."

"आणि डोळे?"

"माझे. टचिंगही तेव्हा पहिलंच."

शोभाताईंनी चौकटीकडे बघितलं. "म्हणजे इतकी वर्षं देवघराजवळ बसून मी आईला सासूच्या चहाड्या सांगितल्या, त्या तुम्हाला सांगितल्या?"

"मला एकही पोचली नाही," अण्णा घाईघाईनं म्हणाले.

नीलेशला हसू आलं आणि ते त्यानं खोकल्यात लपवलं. तेवढ्यात स्कॅनर थांबला. पडद्यावर काळ्याचं पांढरं करायला मी बटण दाबलं.

या काचेत बाई तीच, खुर्ची तीच. पण घोंगडी एका बाजूला घसरलेली आणि तिच्यातून एक तरुण अर्धा बाहेर आलेला. डाव्या हातानं त्यानं बायकोला घट्ट सावरलेलं. कमरेतून वाकून तोंड तिच्या मांडीवरच्या तान्ह्या पोरीसमोर नेलेलं. गाल फुगवलेले, डोळे तिरळे केलेले आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर.

मी चित्र पडद्याभर मोठं केलं.

"तुम्ही रडत होता," अण्णा म्हणाले. "थांबतच नव्हता. नाना घोंगडीखालून ऐकत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही, बाहेर आले आणि असं केलं. मी घाबरून खटक्याचा रबरी बल्ब दाबला. काच वाया गेली. काचा महाग होत्या, उस्तादांनी मारलं असतं, म्हणून लपवून ठेवली. मग लपवलेलीच राहिली."

"मी गप्प झाले का?" शोभाताईंनी विचारलं. किती वेगळ्या आवाजात!

"झालात. मग दुसरी काच लावली. भिंतीवर आहे तो फोटो नंतरचा. त्यातही तुम्ही हललातच."

शोभाताई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की नीलेशनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बोटानं पडद्यावरच्या त्या बाहेर काढलेल्या जिभेला शिवल्या. "नाना?" म्हणाल्या. "आमचे नाना?" आणि हसल्या. मग पदर तोंडाला लावला. मग परत हसल्या.

"याचा मोठा करून द्या," शेवटी त्या म्हणाल्या.

"आई, मी कॉम्प्युटरवर साफ करतो," नीलेश म्हणाला. "आजोबांचा हात हललाय, घोंगडी काढून टाकू…"

"घोंगडीला हात लावशील तर बघ."

अण्णांनी चाचरत विचारलं, "ताई, आईचे डोळे उघडू? या वेळी नीट काढतो. तुमचे बघून काढतो."

शोभाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. राग अजून होता, पण आता त्याला बसायला जागा नव्हती. "नको," म्हणाल्या. "माझ्याकडे बघायला नाना होते. मिटलेत तर मिटू द्या."

मी त्याच दुपारी केदारला फोन केला. तो बिचारा घाबरला. पान त्यानं उतरवलं आणि संध्याकाळी विश्रांतवाडीहून माफी मागायला आला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "चूक तुझी पावशेर, माझी दोन किलो." त्यानंतर महिनाभर अण्णांनी एकही गोष्ट सांगितली नाही. परिणाम असा, की त्या महिन्यातली व्हिसाची सगळी मुलं फोटोत हसली आणि नऊ जणांचे फोटो परत आले. मग अण्णांनी नवी युक्ती काढली. खटका दाबायच्या आधी ते फक्त म्हणायचे, "तिकडे भांडी स्वतः घासावी लागतात." चेहरे आपोआप उतरायचे.

पुढच्या वर्षी शोभाताईंनी मांजरीत नवं घर बांधलं. वास्तुशांतीला आम्हा दोघांना बोलावणं आलं. अण्णा जाऊ की नको म्हणत तीन वेळा शर्ट बदलून निघाले. दिवाणखान्यात शिरल्यावर समोरच तो फोटो. दोन फूट बाय तीन. नव्या सोफ्यावर नीलेशच्या ऑफिसातली मुलं-मुली ताटं घेऊन बसली होती आणि सगळ्यांच्या माना वर.

"काकू, हे जीभ काढणारे कोण?" एका मुलीनं विचारलं.

मी अण्णांकडे बघितलं. वर्षभर दाबून ठेवलेली गोष्ट त्यांच्या गळ्यापर्यंत आलेली मला दिसली. पण त्यांनी जिलेबीचा तुकडा तोंडात घातला आणि भिंतीला टेकून बसले.

गोष्ट शोभाताईंनी सांगितली. हातात वाढायचा झारा घेऊन, उभ्यानं. ताप आला, आई गेली, लोक बांधायला लागले, नाना म्हणाले, बांधायचं नाही. त्या थांबायच्या तिथे बरोबर थांबत होत्या. सोफ्यावर कोणी घास घेत नव्हतं. "आणि मी जी रडायला लागले, ती थांबेचना. तेव्हा नाना घोंगडीतून बाहेर आले आणि गायला लागले. आईला एका हातानं धरलंय, आणि माझ्यासाठी गातायत!"

गाणं? मी चमकून अण्णांकडे वळले. गाण्याचा शब्दही त्यांनी कधी काढला नव्हता. जीभ एवढी बाहेर असताना माणूस गाईल तरी कसा?

नीलेशलाही शंका आली असावी. "खरंच गात होते का हो, अण्णा? तुम्ही तर समोर होता."

सगळ्या माना आता अण्णांकडे. शोभाताईंच्या हातातला झारा तसाच हवेत. त्या अण्णांकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात धाक होता की विनंती, मला आजही सांगता येणार नाही.

अण्णांनी जिलेबी गिळली, धोतराला हात पुसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"गळा बरा होता त्यांचा."